कॅप्टनने हात लावायचा नाही

१२ जानेवारी

लिनेट बाळा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन नुसता वाजू देता येतो, पत्राचं तसं नाही. फाडून टाकायचं म्हटलं तरी माणूस आधी दोन ओळी वाचतंच. म्हणून दोन ओळींतच सगळं सांगते: तुझी टेसी माझ्याकडे बरी आहे, पोटभर खाते, शाळा बुडवत नाही, आणि मी तिच्या नावेची कॅप्टन झाले आहे.

हसलीस ना? अटलांटाहून इथवर ऐकू आलं मला.

झालं असं, की शाळेच्या मासेमारीच्या संघात प्रत्येक नावेत दोन मुलं आणि एक मोठं माणूस लागतं. मुलांनी गळ टाकायचे, मोठ्या माणसाने नाव हाकायची. आपल्या पोरींना इतिहासाचे मास्तर नेत होते. ते नाताळात छपरावर दिव्यांची माळ लावायला चढले आणि माळेसकट खाली आले. पाय मोडला. किआराची आई शनिवारी इस्पितळात पाळीवर असते. (किआरा म्हणजे टेसीची जोडीदार, बारीक वेण्यावाली, तू पाहिलीयस तिला. जेवताना तीनदा वाढून घेते, म्हणून मला आवडते.) मग राहिलं कोण? मी, आणि तुझ्या बापाची नाव. दोघीही जुन्या, दोघींचंही इंजिन सकाळी जरा खोकतं, पण चालतं.

आता नियम ऐक. कॅप्टनने गळाच्या काठीला हात लावायचा नाही. जाळीला लावायचा नाही. माशाला तर मुळीच नाही. आणि मासा कुठे आहे ते सांगायचंही नाही! नाव चालवायची, हात मांडीवर ठेवायचे, गप्प बसायचं. लिनेट, मी सातवीत शाळा सोडली ती बोलते फार म्हणून बाई कोपऱ्यात उभी करायच्या त्याला कंटाळून. अन् आता म्हातारपणी पुन्हा कोपऱ्यात.

बरं, मुद्द्याचं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू काय बोललीस ते माझ्या चांगलं लक्षात आहे. "त्या तळ्यानं माझा बाप नेला, आता पोरगी नेतंय," म्हणालीस. "जूनमध्ये ती अटलांटाला येणार, शाळेचं शेवटचं वर्ष माझ्याकडे करणार." टेसीने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "आणि आम्ही राज्याच्या स्पर्धेला गेलो तर?" तू म्हणालीस, "गेलीस तर राहा आजीकडे. पण जायची नाहीस तू." तुझा ग्रेग साक्षीला आहे. त्याच्या तोंडात टर्कीची तंगडी होती, पण कान मोकळे होते.

हे काही मी तुला शब्दात पकडायला लिहीत नाहीये. म्हणजे, थोडंसं त्याचसाठी लिहितेय.

बाहेर दव गोठलंय. पायात मोजे घालत जा.

तुझी आई,
वर्डी मे

२० फेब्रुवारी

लिनेट,

परीक्षा पास झाले! कॅप्टनची लेखी परीक्षा असते, माहीत आहे का तुला? कॉम्प्युटरवर. टेसी शेजारी बसली होती, पण तिला बोलायची मनाई. मी म्हटलं, बघ, कसं वाटतं. एक प्रश्न असा, की समोरून दुसरी नाव आली तर कुठल्या बाजूने जायचं. मी म्हटलं, समोर कोण आहे त्यावर आहे. बड हॅगर्टी असला तर मी लांबूनच जाते. पण तसं उत्तर त्यांनी दिलेलंच नव्हतं. तरी पास.

बड आठवतो ना? टायरवाला. त्याचे दोन नातू आपल्याच शाळेकडून खेळतात आणि त्यांचा कॅप्टन तो. त्याची नाव म्हणजे काय सांगू, तांबडीभडक, चकाकती, टीव्हीसारखे पडदे दोन, समोर एक, मागे एक, पाण्याखाली मासा कुठल्या कुशीवर झोपलाय तेसुद्धा दाखवतात. तुझ्या बापाची आठवण काढून मला म्हणाला, "वर्डी, व्हर्ननची नाव अजून तरंगते होय?" मी म्हटलं, "तरंगते. आणि तिला खाली पाहायला पडदा लागत नाही, एक-दोन फटी आहेत." पोरं फिदीफिदी हसली.

पहिली स्पर्धा मात्र फसली. पाणी इतकं गार की बोटं काठीला चिकटत होती. फेब्रुवारीत बास मासा आळशी असतो, तोंडाशी आलेलंही उचलत नाही, अगदी ग्रेगसारखा. (हे खोडणार होते, पण पेनने लिहिलंय.) अशा वेळी तांबडं आमिष लावायचं, कारण चिखलातल्या खेकडीचा रंग तेव्हा तोच असतो, आणि ओढायचं ते सावकाश. इतकं सावकाश, की आपल्यालाच झोप यावी. टेसीला सावकाश जमत नाही. ती तुझ्यासारखी आहे, दार उघडायच्या आधी आत शिरते. नावेतल्या पाण्याच्या टाकीत एकच मासा, तोही बोटभर मोठा असता तर भरला असता. मापाच्या फळीवर ठेवला, तोंड मिटवलं, शेपटी चिमटीत धरली, तरी कमीच. सोडून दिला. रिकाम्या हाताने काठाला आलो.

परतताना टेसी गाडीत म्हणाली, "आजी, अटलांटात तळं आहे का?" मी म्हटलं, "असेल की, मोठं शहर आहे." ती म्हणाली, "मॉलमधलं कारंजं नको सांगूस."

तुझी जुनी काठी ती वापरते, तुला सांगायचं राहिलं. मुठीजवळ तू खिळ्याने कोरलेली अक्षरं आहेत ना, तीच. मी नवी घेऊन देत होते. नको म्हणाली.

आई

१७ मार्च

लिनेट बाळा,

पत्राला उत्तर नाही, पण परतही आलं नाही. मी टपालवाल्याला विचारून घेतलं, नको असलेली पत्रं परत येतात म्हणाला. मी त्यावर समाधानी आहे.

दुसरी स्पर्धा झाली. आधी केकचं सांगते. पहाटे नाव पाण्यात उतरवली, धुकं असं की पुढचं टोक दिसेना, आणि किआराने डबा उघडला. आत तिच्या आजीने केलेला केळ्याचा केक! टेसी किंचाळली. नावेत केळं म्हणजे अपशकुन, दिवस गेला, हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे. किआरा म्हणाली, "अगं, केळं कुठाय? केक आहे हा." टेसी म्हणाली, "केळ्याचं मेलेलं भूत आहे ते!" दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. नाव कुठे न्यायची ते मी ठरवते, पण केकचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. मग मी निकाल दिला: खाऊन टाकला की तो नावेत नसतो, पोटात असतो. काठ सोडायच्या आत तिघींनी संपवला. ओलसर, अक्रोड घातलेला, वर खरपूस कड. किआराच्या आजीला मी पाककृती मागितलीय.

त्या दिवशी चार मासे मिळाले. बरं झालं म्हणायचं. पण माझी चूक सांगते, तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी. बुडलेल्या लाकडांजवळून जाताना मला पाण्यात फुगवटा दिसला. मासा पाठ फिरवतो तेव्हा पाणी असं आतून फुगतं, तुला माहीत आहे. मी बोलले नाही. खोकले. बस्स, एकदाच खोकले. टेसीने मान वळवली, आमिष टाकलं आणि मासा लागला. पुढे वळणावर मी परत खोकले, परत एक लागला. थंडी होती, लिनेट! संध्याकाळी काठावर ओडेल गँट माझ्याजवळ आला. तो स्पर्धेचा पंच. लहानपणी आपल्या अंगणातले पेर चोरायचा, आता शिट्टी गळ्यात. म्हणाला, "मिस वर्डी, तुम्हाला खोकला फार नेमक्या जागी येतो असं ऐकतो." बडने सांगितलं असणार, तो पलीकडेच होता. खोकल्याचे ते दोन्ही मासे बाद केले. ओडेल म्हणाला, "पुढच्या वेळी औषध घेऊन या."

टेसी माझ्यावर चिडली नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, "आजी, मला माझे मासे पकडू दे. नाहीतर आई म्हणेल आजीने पकडले."

आता एकच स्पर्धा उरली, एप्रिलमधली. त्या दिवशी पहिल्या दहांत येतील त्याच नावा राज्याला जाणार. तोवर घरी सराव चाललाय. गप्प बसण्याचा. परवा चर्चमध्ये पाद्रीबाबा माशाच्या पोटातल्या योनाची गोष्ट सांगताना अडखळले आणि मी त्यांना पुढचं वाक्य दिलं नाही. सगळ्यांनी वळून पाहिलं, मला बरं नाही की काय म्हणून.

वर्डी मे, म्हणजे तुझी आई

१४ एप्रिल, रविवार

लिनेट! लिनेट! लिनेट!

बसून वाच. बसलीस? मी उभ्यानेच लिहितेय ओट्यापाशी, बसवत नाहीये.

थांब, नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा जाते. डॉगवुड फुललंय इथे, सगळी टेकडी पांढरी. डॉगवुड फुललं की बास काठाला येतो, अंडी घालायला, हे तुझा बाप दरवर्षी असं सांगायचा जणू झाड त्यानेच लावलंय. तर काल सकाळी सगळ्या नावा रांगेत, प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, आणि एकेक करून सुटलो. मी बिस्किटं आणि लाल मिरचीचं चीज घातलेली सँडविचं केली होती. फळ कुठलंच नव्हतं, खात्री केली.

दुपारपर्यंत चार मासे टाकीत. चांगले, पण बेताचेच. वजनाला पाच नेता येतात. किआरा सारखी टाकीत डोकावून त्यांना म्हणत होती, "जिवंत राहा रे बाबांनो, थोडा वेळ," कारण मेलेल्या माशाचं वजन कापतात. आम्ही शेवटी त्या जुन्या लाकडी धक्क्याच्या खाडीत शिरलो, जिथे पाण्यात देवदार पडलेला आहे. पलीकडे बडची तांबडी नाव, त्याचे दोघे नातू गळ टाकतायत. परतायची वेळ होत आली होती.

आणि मला दिसलं. धक्क्याच्या पार आत, सावलीत, जिथे फळ्या पाण्याला टेकायला आल्यात. शेपूट हलली नुसती. लिनेट, ती शेपूट झाडूएवढी होती.

मी हात मांड्यांखाली घातले. ओठ मिटले. खोकला दातांनी धरून ठेवला. तिकडे नजर गेली तरी पोरींना कळेल म्हणून मान वर केली.

किआरा म्हणाली, "मिस वर्डी, तुम्ही आकाशात काय बघताय?"

"ढग."

"ढग नाहीयेत."

"म्हणून तर बघतेय."

टेसीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पाण्याकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "किआरा, त्या फळ्यांखाली सावली जाड वाटतेय ना गं?" किआरा म्हणाली, "तिथे आत आमिष जाणारच नाही. फळ्या पाण्याला लागल्यात." टेसीने रबरी गांडूळ नवं लावलं, गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलं, गाठीला थुंकी लावून ओढून पाहिली. मग ती गुडघ्यावर बसली. काठी आडवी, पाण्याच्या अगदी जवळ, आणि मनगटाला एकच झटका. ते गांडूळ पाण्यावरून टप्पे घेत गेलं, पोरं चपटा दगड फेकतात ना तसं, तीन टप्पे, आणि फळ्यांखालून आत सरकलं.

असं आमिष टाकणारं या तळ्यावर एकच माणूस होतं, आणि ते आता अटलांटात दातांच्या डॉक्टरांच्या ऑफिसात बसतं.

किआरा म्हणाली, "अगं बाई! हे कुणी शिकवलं तुला?"

टेसी म्हणाली, "आईने. मी लहान होते तेव्हा, अंगणात. बादली आडवी ठेवायची आणि बाहेर पडलं तर पुन्हा टाकायला लावायची."

मला हे ठाऊकच नव्हतं, लिनेट. मी तर समजत होते की तुझा बाप गेल्यावर तू ती काठी माळ्यावर टाकलीस आणि विषय संपवलास. तू तर आधीच सगळं पोरीच्या मनगटात घालून ठेवलं होतंस.

तर, दोरा सरकला. टेसी उठून मागे झुकली आणि काठी अशी वाकली की मला वाटलं तुझी अक्षरं तुटतात. मासा बाहेर उसळला. तोंड एवढं की त्यात माझी बिस्किटाची वाटी जाईल. डोकं झाडलं, परत आत, नावेखाली, परत बाहेर. किआरा जाळी घ्यायला धावली तर जाळी दुसऱ्या काठीच्या गळात अडकलेली! ती ओढतेय, जाळी सुटत नाही. टेसी ओरडतेय, "जाळी! किआरा, जाळी!" किआरा ओरडतेय, "जाळीच पकडलीय मी, दुसरं काही नाही पकडलं!" जाळीची मूठ माझ्या गुडघ्यापाशी. बोटभर अंतरावर, लिनेट. मी डोळे मिटले.

टेसीने वाट पाहिली नाही. दोन्ही हातांनी काठी उचलून मासा उडवला, सरळ नावेत. आणि हवेतच गळ सुटला.

मासा पडला माझ्या मांडीत.

आता तूच सांग, बाई कशी वागेल? गरम भांडं पडलं तरी माणूस झेलतं. हा तर आमच्या पोरीचा जून महिना, तिचं सगळं वर्ष, माझ्या घागऱ्यात फडफडत होता! पण हात लावला की बाद. मी दोन्ही हात वर केले. मासा घसरला, पायांवरून खाली, नावेच्या मागच्या कडेला निघाला, तिथे कड ठेंगणी आहे. माझा बूट त्याच्या वाटेत होता. नुसता ठेवला असता तरी पुरे होतं. मी पाय पण वर केले! हात वर, पाय वर, ढुंगणावर तोल, आणि तोंडाने एक शब्द नाही. किआराने जाळीबिळी टाकली आणि त्याच्यावर पोटावर पडली, सुटलेल्या कोंबडीवर पडावं तशी. तिच्या वेण्या पाण्यात, पाय माझ्या कुशीत. "धरला!" म्हणाली. "टेसी, धरला! माझ्या पोटाला चावतोय!"

टाकीत गेला. तिघी रडलो की हसलो कोण जाणे.

मग काठावर आलो. तिथे पद्धत अशी, की मासे मोजायच्या आधी प्रत्येक कॅप्टनने उजवा हात वर करून शपथ घ्यायची: माझ्या मुलांचे मासे मुलांनीच धरले, माझा हात लागला नाही, माझी मदत झाली नाही. लोक खच्चून भरलेले, तळलेल्या माशांचा वास, बाकांवर आयाबाया. ओडेल म्हणाला, "मिस वर्डी, हात वर."

मी केला. आणि म्हटलं, "ओडेल, एक सांगायचं आहे."

टेसी मागून म्हणाली, "आजी, नको ना गं." अगदी हळू. तो आवाज मला अजून ऐकू येतोय. मी गप्प राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण महिनाभरापूर्वी तीच म्हणाली होती, मला माझे मासे पकडू दे. शपथेखाली काही दडलं असतं, तर तो मासा तिचा राहिला नसता. आणि तुझ्यासमोर मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं, की पोरीने जिंकलं?

मी म्हटलं, "मोठा मासा माझ्या मांडीत पडला. हात मी लावला नाही. पण मांडी माझी होती."

कुणीतरी हसलं. ओडेल हसला नाही. त्याने नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "घागऱ्यात अडकून राहिला असेल, तर ती मदत झाली, मिस वर्डी. मला तो मोजता येणार नाही. कुणी पाहिलं का?"

खाडीत दुसरी एकच नाव होती.

बड हॅगर्टी गर्दीतून पुढे आला. त्याचे नातू तेव्हा गुणांच्या फळ्यावर दहावे होते. आमचा मोठा मासा हिशेबात धरला तर ते अकरावे. हे त्याला कळत होतं, त्याच्या नातवांना कळत होतं, बाकांवरच्या बायांनाही कळत होतं. मी मनात म्हटलं, संपलं. खोकल्याचं ज्याने सांगितलं तो मांडीचं सोडतोय थोडाच.

बडने टोपी काढली. टोपीखाली तो किती टकला झालाय! म्हणाला, "ओडेल, मी सगळं पाहिलं. या बाईने हात वर केले. मग पायही वर केले. मला वाटलं हिला झटका आला, मी मोटर सुरू करून मदतीला निघालोच होतो. मासा मांडीवर टिकला नाही, खाली पडला, आणि त्या वेणीवाल्या पोरीने धरला. वर्डीने धरला असता तर मी सांगितलं असतं, तू ओळखतोस मला."

त्याचा थोरला नातू म्हणाला, "आजोबा!"

बड म्हणाला, "काय आजोबा? खोटं बोलून राज्याला जायचंय? पुढच्या वर्षी तूच तेवढा मोठा पकड."

ओडेलने पुस्तक मिटलं. "मोजा," म्हणाला.

आठ पौंडांच्या वर, लिनेट! दिवसातला सगळ्यात मोठा! आम्ही सातव्या! राज्याला! किआरा ओडेलच्या गळ्यात पडली, तो पंच आहे हे विसरून. टेसी मासा घेऊन परत पाण्याकडे गेली, दोन्ही हातांनी पाण्यात धरून उभी राहिली, तो स्वतः शेपूट हलवून जाईपर्यंत. मी धक्क्यावरून बघत होते. घागऱ्याला खवले चिकटलेले, अजून धुतला नाहीये.

मी बडजवळ गेले, म्हटलं, "पुढच्या रविवारी जेवायला ये, पेकनची गोड पाई करते." म्हणाला, "मांडीवर वाढू नकोस म्हणजे झालं."

तर मुलगी इथे राहते. तुझा शब्द, आमचा मासा.

तुझी आई (सातवी!)

३० एप्रिल

लिनेट बाळा,

तू फोन केलास. पत्र पोचलं त्याच संध्याकाळी. मला दिला नाही टेसीने, मी मागितलाही नाही. फक्त दाराआड उभी होते, आणि ते दार पातळ आहे हा काही माझा दोष नाही. "शब्द म्हणजे शब्द, राहा," म्हणालीस तू. मग बराच वेळ टेसी नुसती ऐकत होती. मग म्हणाली, "अजून येतं का तुला? बादलीत?" आणि तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, पण पोरगी हसली. असं हसली की मी तिथून निघून गेले. काही गोष्टी दाराआडूनही ऐकायच्या नसतात.

तुला वाटत असेल, आईचं फावलं, आता शेखी मिरवेल. मिरवतेच आहे. किराणावाला मला बघून मागच्या खोलीत जातो. पण जिंकलेल्याने काहीतरी द्यावं लागतं, आणि मी पोरगी ठेवून घेतली तर मला तुला काहीतरी द्यायलाच हवं. मी ती तुझ्यापासून तोडली असं तू म्हणाली होतीस. मी तेव्हा भांडले. भांडायला नको होतं, कारण तू चुकीचं बोलत असलीस तरी रडत बरोबर होतीस.

म्हणून ऐक. राज्याच्या स्पर्धेला कॅप्टन बदलता येतो. ओडेलला विचारलंय. माझी जागा तुझी.

टेसीला तेच हवंय. तिने सांगितलं नाही मला, विचारायची भीती वाटते तिला. पण काल तिने नाव धुतली आणि कॅप्टनच्या खुर्चीची उशी बदलली. ती माझ्यासाठी नाही, मला जुनी खोलगट आवडते हे तिला माहीत आहे.

परीक्षा तुला घरबसल्या देता येईल, मी दिली म्हणजे कुणीही देईल. काम अवघड नाही. बघायचं सगळं, आणि हात लावायचा नाही. तुला जमेल. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फोनला हात न लावता राहिलीस तू, हे माझ्याने झालं नसतं.

त्याचा जीव तळ्यावर गेला हे खरं, लिनेट. तुझा बाप. पण त्या सकाळी तो काठाला शिट्टी वाजवत नाव धूत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शिट्टी मध्येच थांबली, एवढंच. मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि मला वाटलं तुला नको असेल. तू येशील तेव्हा तुला ती जागा दाखवीन. वाईट जागा नाहीये. तिथे सकाळी ऊन पडतं.

ग्रेगलाही आण. त्याला काही येत नसलं तरी गाडी धरायला माणूस लागतं.

आई

२५ मे, मोटेलमध्ये, कॉफीच्या यंत्रावर ठेवलेली चिठ्ठी

लिनेट,

तू आणि पोरी झोपला आहात, मी निघते. ग्रेग मला धक्क्यावर सोडतोय. तसा भला आहे तो, तीन वेळा विचारलं, गरम होतंय का म्हणून.

पाव भाजून कागदात गुंडाळून ठेवलाय, आत सॉसेज. किआराचे दोन. बाहेर धुकं आहे, मोटर हळू सुरू कर, लगेच जोर देऊ नकोस.

काल तू गाडी मागे घेत नाव एका दमात पाण्यात उतरवलीस ना, तेव्हा उतारावर उभे असलेले सगळे बाप्ये वळून बघायला लागले. एकाने विचारलं, कोण गं ती? टेसीने माझ्याआधी उत्तर दिलं. "आई आहे माझी," म्हणाली. तिचा आवाज ऐकायला हवा होतास. ऐकलास का? तू आरशात बघत होतीस, म्हणून विचारते.

आज नावेत तोंड मिटून बसायची पाळी तुझी. टेसी चुकीच्या जागी गळ टाकेल आणि तुझा जीव वरखाली होईल. होऊ दे. बसून राहा. ती मान वळवून तुझ्याकडे बघेल, मासा कुठे ते विचारायला नाही, तू आहेस का ते बघायला. तेवढं बघू दे.

मी धक्क्याच्या अगदी टोकाला, पहिल्या बाकावर आहे. लवकर गेले नाही तर बड ती जागा घेईल, तो नुसता बघायला आलाय म्हणे. नावा सुटताना वर बघ. मी ओडेलला विचारून घेतलंय, त्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं: काठावरून ओरडायला कुठलीच बंदी नाही.

आई